व्यायाम केल्यावर पेशीच्या आत नेमकं काय बदलतं?

भुईकोट
सोमवार, सकाळी 7:40

सोलापूरच्या पार्क मैदानावर सकाळी फिरणाऱ्यांच्या गप्पांत एक हिशेब हमखास असतो. आज पावलं किती झाली, घड्याळाने कॅलरी किती दाखवल्या, त्यात दोन इडल्या बसतात का. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे हे ऐकून मला गप्प बसवत नाही. कॅलरी खर्च होतात हे खरंच आहे, पण व्यायामाने शरीरात जे घडतं त्यातला तो अगदी छोटा भाग आहे. उरलेल्या मोठ्या भागावर इथे बोलावं म्हणून हा धागा. आपल्याकडे घराघरात शुगर आहे, तेव्हा सुरुवात साखरेपासूनच करते.

जेवल्यावर रक्तात ग्लुकोज वाढतं आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन स्नायूच्या पेशीवर येऊन बसलं की आत निरोपांची एक साखळी सुरू होते. तिच्या शेवटी ग्लूट-4 नावाची प्रथिनं पेशीच्या पोटातल्या बारीक पिशव्यांमधून पृष्ठभागावर येतात. हे ग्लूट-4 म्हणजे ग्लुकोजला आत घेणारं दार. टाइप 2 मधुमेहात एक मुख्य बिघाड या निरोपांच्या साखळीत असतो. रक्तात इन्सुलिन असतं, सुरुवातीच्या वर्षांत तर नेहमीपेक्षा जास्तच असतं, पण दारं पुरेशी वर येत नाहीत.

स्नायू आकुंचन पावला की तीच दारं इन्सुलिनची वाट न बघता वर येतात. आकुंचनासाठी पेशीत कॅल्शियम सुटतं, एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्ची पडतं, त्यातून उरणारं एएमपी वाढतं आणि एएमपीके नावाचं विकर कामाला लागतं. ग्लूट-4 च्या पिशव्यांना आत रोखून धरणारी टीबीसी1डी1 आणि टीबीसी1डी4 ही दोन प्रथिनं आहेत. त्यांच्यावर फॉस्फेट चढलं की पकड सुटते. इन्सुलिनही शेवटी इथेच येऊन पोचतं, फक्त त्याची वाट निराळी. 1999 साली टाइप 2 मधुमेहींच्या मांडीतल्या स्नायूचे तुकडे सायकल चालवण्याआधी आणि नंतर तपासले, तर त्यांच्यातही ग्लूट-4 निरोगी माणसांसारखंच वर आलेलं होतं. इन्सुलिनची वाट बिघडलेल्या माणसाची ही दुसरी वाट शाबूत असते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाला ही एवढी गोष्ट कुणीतरी नीट बसवून सांगायला हवी असं मला फार मनापासून वाटतं.

हा बदल स्नायूतच होतो हे कसं कळलं त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. 1966 साली स्टॉकहोममध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोघांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच व्यायामाच्या सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले, प्रत्येकाने एकेकच पाय पेडलवर ठेवला आणि पार थकेपर्यंत सायकल चालवली. दुसरा पाय निवांत. मग मांडीतून जाड सुईने स्नायूचा कण काढून ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, मोजला. राबलेल्या पायातला साठा जवळपास संपलेला, बसून राहिलेल्या पायातला जसाच्या तसा. पुढचे तीन दिवस दोघांनी पिष्टमय पदार्थ भरपूर खाल्ले. राबलेल्या पायातला साठा बसलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला. रक्त तेच, जेवण तेच, इन्सुलिन तेच, तरी एका माणसाचे दोन पाय दोन वेगळ्या अवस्थांत.

त्यानंतरच्या वर्षी सेंट लुईसमध्ये जॉन हॉलोझी यांनी उंदरांना बारा आठवडे पट्ट्यावर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांची, ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट झालेली पाहिली. हे घडवणारा एक मुख्य नियंत्रक, पीजीसी-1, 1998 साली ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. एकदा व्यायाम केला की त्याचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवायचा जनुकाचा निरोप, काही तास वाढतो आणि परत खाली येतो. पुन्हा व्यायाम केला की पुन्हा वाढतो. या छोट्या छोट्या वाढींतून प्रथिनं साठत जातात.

आता हे काम एकेका रेणूच्या पुढे गेलंय. 2020 साली स्टॅनफर्डमध्ये 36 जणांना ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवून आधी आणि नंतर तासभर त्यांचं रक्त तपासलं. 17,662 रेणू मोजले, त्यातले 9,815 बदललेले सापडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पैशातून मोट्रपॅक नावाचा मोठा प्रकल्प चालू आहे. त्यांनी नर आणि मादी उंदरांना एक, दोन, चार आणि आठ आठवडे पळवून रक्तासकट 19 ऊती तपासल्या. 2024 साली ते निष्कर्ष आले. प्रत्येक ऊतीत काही ना काही बदललं होतं. मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, तिथल्या मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांतही मोठे बदल दिसले. आणि चरबीच्या ऊतीत नर आणि मादी यांचे प्रतिसाद अगदी वेगळे निघाले. इतकी वर्षं कितीतरी प्रयोग फक्त नरांवर झाले, त्याची ही किंमत.

प्रश्न असतील तर विचारा. मला माहीत असेल तेवढं सांगेन, आणि इथे डॉक्टर मंडळी आहेतच.

पूर्वभागकर
सोमवार, सकाळी 9:15

लै भारी लिहिलाव ताई. पण माझा एक प्रश्न आहे आणि तो बरीच वर्षं डोक्यात आहे.

माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. पाळी बारा तासांची. बसायचं नाव नाही. एका मागाकडून दुसऱ्याकडे जायचं, तुटलेला धागा जोडायचा, परत पहिल्याकडे यायचं. अंगावर मांस नाही, पोट नाही. तरी पन्नाशीच्या आत शुगर निघाली. आई घरी बिड्या वळते. मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बसलेली असते. तिचीही शुगर आता बॉर्डरवर आहे. व्यायामाने एवढं सगळं होतं तर आयुष्यभर राबलेल्या माणसाला त्याचा फायदा का मिळाला नाही?

मालदांडी
सोमवार, सकाळी 9:50

माझा पण हाच प्रश्न. आमच्या मंगळवेढ्याकडे शेतात राबणाऱ्यांनाही शुगर निघायला लागलीय.

सातरस्ता
सोमवार, दुपारी 2:20

मी फिजिशियन आहे, सोलापुरातच. पूर्वभागकर, तुमच्या वडिलांसारखे पेशंट मला रोज भेटतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सडपातळ माणसाला शुगर कशी, याचं आपल्या मातीतलं उत्तर पुण्यातून आलंय. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, अगदी सारखा. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. वजनकाटा आणि आरसा दोघांनाही एकाच मापाचे म्हणेल. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत आणि यकृतात, असा बांधा फार आहे, आणि त्याची मुळं आईच्या पोटातल्या वाढीपर्यंत जातात. साखर साठवायला स्नायू ही शरीरातली सगळ्यात मोठी जागा. तीच लहान असेल तर सडपातळ माणसाचीही अडचण होते.

दुसरा मुद्दा कामाच्या प्रकाराचा. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हृदयविकाराच्या बाबतीत दाखवलंय की मोकळ्या वेळेतली हालचाल जेवढा फायदा देते तेवढा पोटासाठीच्या कष्टाच्या कामातून मिळत नाही. ते जी कारणं देतात ती मला पटतात. मागावरची हालचाल दम लागण्याइतकी जोरकस नसते, पण ती बारा तास थांबतही नाही. त्यामुळे हृदयाची गती आणि रक्तदाब दिवसभर चढे राहतात आणि सावरायला वेळ मिळत नाही. त्यात कारखान्यातला उकाडा, आवाज, रात्रपाळी, अपुरी झोप आणि पाळी रेटायला घेतलेले साखरेचे चहा. रात्रपाळीने शरीराचं घड्याळ बिघडतं आणि त्याने इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, हे नीट सिद्ध झालेलं आहे.

तुमच्या वडिलांचं काही चुकलं असं अजिबात समजू नका. त्यांना कष्ट भरपूर मिळाले, विश्रांती मिळाली नाही.

पूर्वभागकर
सोमवार, दुपारी 3:05

डॉक्टरसाहेब, शेवटचं वाक्य वडिलांना वाचून दाखवलं. धन्यवाद.

भुईकोट
सोमवार, रात्री 9:30

पूर्वभागकर, आईंबद्दल मी लिहिते, कारण तिथे बर्गस्ट्रॉमचा तो एका पायाचा प्रयोग थेट लागू पडतो.

बिडी वळताना काय काय चालतं बघा. कापलेलं तेंदूपान उचलायचं, त्यात चिमटीने तंबाखू पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी घट्ट वळायचं, टोकं दुमडून बंद करायची, दोरा बांधायचा. बोटं थांबत नाहीत. पण मांडी घातलेली असते आणि त्या मांडीवर सूप असतं. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, म्हणजे मांड्या आणि कुल्ले, तासन्‌तास निपचित. काम करणाऱ्या स्नायूतच दारं वर येतात. एका पायाच्या व्यायामानंतर इन्सुलिनचा परिणाम फक्त त्याच पायात वाढतो, दुसऱ्यात नाही, हे कोपनहेगनमध्ये एरिक रिश्टर यांनी पुढे दाखवून दिलंय. बोटांचे स्नायू दिवसभर चालले तरी ते आहेतच केवढेसे. आईंचे कष्ट खरे आहेत, थकवाही खरा आहे, पण साखर ओढून घेणारे स्नायू त्यात वापरलेच जात नाहीत.

म्हणून त्यांना तास दीड तास सलग बसू देऊ नका. मधेमधे सूप बाजूला ठेवून उठायचं, अंगणात दोन चार मिनिटं चालायचं, भिंतीला धरून उठाबशा काढायच्या. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून उठणं बसणं चालेल. माल द्यायला चालत जात असतील तर ते बंद करू नका. कुणी गाडीवर सोडतो म्हटलं तरी.

जुळेसोलापूर
मंगळवार, सकाळी 8:10

मला उलटाच अनुभव येतो. सकाळी उपाशीपोटी शुगर बघते, मग जोरात चालून, थोडं पळून येते आणि परत बघते तर आकडा वाढलेला! असं झालं की वाटतं, कशाला एवढा आटापिटा. हे असं का होतं?

सातरस्ता
मंगळवार, सकाळी 8:45

ताई, घाबरू नका. जोराच्या व्यायामात ॲड्रेनलिन सुटतं आणि यकृत आपल्या साठ्यातलं ग्लुकोज रक्तात ओततं. स्नायू ते ओढतातच, पण थोडा वेळ ओतणं ओढण्यापेक्षा जास्त होतं. त्यात पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन मुळातच चढे असतात. तासा-दोन तासांनी पुन्हा मोजा. रमतगमत चाललात तर हा उंचवटा बहुधा दिसणारही नाही.

पण व्यायामाआधीच आकडा 250 च्या वर असेल आणि अंगात बरं वाटत नसेल, तर त्या दिवशी व्यायाम नको, आधी डॉक्टरांना दाखवा. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे त्यांची शुगर व्यायामाने खाली घसरू शकते, कधी कधी रात्री झोपेतही. घाम फुटला, हात थरथरले की लगेच साखर खायची. खिशात गोळ्या बिस्किटं असू द्या. हे विसरू नका.

पायीदिंडी
मंगळवार, दुपारी 1:30

आम्ही मित्र दरवर्षी कोजागिरीला सोलापूर ते तुळजापूर चालत जातो. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. रात्रभर रस्त्यावर गर्दी असते. जागोजागी चहा, केळी, खिचडी वाटप चालू असतं. पहिल्या टप्प्यात गप्पा मारत मजेत जातो, पण पुढे पुढे पायांत गोळे येतात, डोकं जड होतं, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. सगळे म्हणतात लॅक्टिक ॲसिड साठलं. खरं का?

भुईकोट
मंगळवार, रात्री 10:00

तुळजापूरचं गणित करून बघायला मजा येईल. सत्तर किलोच्या माणसाला सपाटीवर पंचेचाळीस किलोमीटर चालायला ढोबळमानाने अडीच हजार कॅलरी लागतात. स्नायूंतलं ग्लायकोजेन सुमारे 400 ग्रॅम आणि यकृतातलं सुमारे 100 ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरी. रक्तात फिरणारं ग्लुकोज तर चार पाच ग्रॅमच. फक्त साखरेवर तुळजापूर गाठायचं म्हटलं तर साठा पुरत नाही. सुदैवाने गप्पा मारत चालण्याच्या वेगाला शरीर बरंचसं काम चरबीवर भागवतं. वेग वाढवला की वाटा साखरेकडे झुकतो. म्हणून सुरुवातीलाच झपझप निघालेली पोरं पुढे जाऊन बसतात आणि एका चालीने चालणाऱ्या बायका त्यांना मागे टाकून जातात. रात्र जशी वाढते तसं यकृतातलं ग्लायकोजेन उतरतं, आणि मेंदूला ग्लुकोज लागतंच, त्यामुळे डोकं जड होतं. त्या वेळी वाटेत मिळालेलं केळं नाकारू नका.

दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा लॅक्टिक ॲसिडशी संबंध नाही. चालण्याच्या वेगाला लॅक्टेट, म्हणजे त्याच आम्लाचं शरीरातलं रूप, फारसं वाढतही नाही, आणि जोरात पळाल्यावर वाढलं तरी तासाभरात रक्तातलं प्रमाण जवळपास पूर्ववत होतं. दुखतं ते स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होऊन तिथे दाह होतो म्हणून. उतारावर चालताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, तेव्हा ही इजा जास्त होते. जिना उतरतानाच जास्त दुखतं त्याचं कारण हेच.

आणि लॅक्टेटला टाकाऊ समजायचे दिवस गेले. हृदय ते इंधन म्हणून वापरतं, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवतं. लॅक्टेट एका पेशीतून दुसरीकडे कामाला जातं हे जॉर्ज ब्रूक्स 1980 च्या दशकापासून मांडत आले आहेत. 2022 साली तर आणखी एक नवी गोष्ट कळली. लॅक्टेट आणि फेनिलअ‍ॅलनीन हे अमिनो आम्ल जोडून शरीर लॅक-फी नावाचा रेणू बनवतं. जोरात पळाल्यावर तो उंदरांत, माणसांत, शर्यतीच्या घोड्यांतही वाढतो. लठ्ठ उंदरांना तो टोचला तर पुढच्या बारा तासांत त्यांनी जवळपास निम्मंच खाल्लं. आणि 2024 मध्ये दिसलं की मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांच्या रक्तातही लॅक-फी वाढतं. इथे किती जणांच्या घरात ती गोळी असेल! व्यायाम आणि रोजची गोळी एका रेणूपाशी येऊन भेटतात, हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात ठरलेला धडा बाजूला ठेवून तेच शिकवलं.

सातरस्ता
मंगळवार, रात्री 10:25

पायीदिंडी, तुमच्या ग्रुपमध्ये शुगरवाले असतील तर त्यांना अनवाणी चालू देऊ नका. श्रद्धेचा मान ठेवून सांगतो. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला फोड आलेला कळत नाही, डांबराचा चटका कळत नाही. छोट्या जखमेपासून बोट काढण्यापर्यंत गेलेले पाय मी पाहिलेत. सुती मोजे, सवयीचे बूट, आणि प्रत्येक थांब्यावर बॅटरी मारून तळवा बघायचा. स्वतःला दिसत नसेल तर सोबत्याने बघायचा.

शेंगाचटणी
बुधवार, सकाळी 11:00

सगळं वाचलं. मनापासून विचारतो, राग मानू नका. आमचे आजोबा रेणू वगैरे काही न शिकता नव्वदीपर्यंत चालत राहिले. चाला, कमी खा, वेळेवर झोपा, एवढं सांगितलं की झालं. उंदरांच्या 19 ऊती तपासून आपल्याला नवीन काय मिळालं?

भुईकोट
बुधवार, दुपारी 4:40

राग कशाचा, प्रश्न रास्तच आहे.

पहिली गोष्ट, सगळ्यांना चालता येत नाही. अर्धांगवायू झालेला माणूस, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया झालेली बाई. त्यांच्या स्नायूंची काय गत होते ते 1966 साली डॅलसमध्ये पाहिलं गेलं. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं, तर त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी परत तपासलं. तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांनी नेलं होतं. ज्यांना उठताच येत नाही त्यांच्यासाठी यातला एखादा निरोप औषधाने देता आला तर? ते शोधायचं तर आधी निरोप कोणते आहेत हे ठाऊक हवं. सगळा व्यायाम एका गोळीत कधी मावेल असं मला वाटत नाही, 19 ऊतींत इतकं काही एकाच वेळी बदलतं. पण एखादा तुकडा मिळाला तरी ती मदत लहान नाही.

दुसरं, किती आणि केव्हा हे रेणू कळल्यावरच नीट सांगता येतं. एका व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो तो साधारण एक ते दोन दिवस टिकतो. त्यामुळे मधुमेहींनी लागोपाठ दोन दिवसांहून जास्त खंड पाडू नये असं सांगितलं जातं. रविवारी दोन तास चालून आठवड्याचा हिशेब चुकता होत नाही तो याचमुळे. आणि वेळेचं म्हणाल तर न्यूझीलंडमध्ये टाइप 2 रुग्णांवर एक अभ्यास झाला. दिवसातून एकदा तीस मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी निघाली, आणि रात्रीच्या जेवणानंतर 22 टक्के. तुमच्या आजोबांना बहुधा जेवून शतपावली घालायची सवय असेल. ती का लागू पडते हे आता सांगता येतं, आणि डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देऊ शकतात.

शेंगाचटणी
बुधवार, संध्याकाळी 6:15

शतपावलीचं बरोबर ओळखलंत. पटलं.

बाराबंदी
बुधवार, रात्री 9:00

मी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच जड काठ्या, पेलणाऱ्यांपैकी. संक्रांतीच्या आधी आमचा सराव सुरू होतो. नवीन पोरांच्या मांड्या पहिल्या पहिल्यांदा लटलटतात. नंतर तीच पोरं तेवढंच वजन घेऊन मिरवणुकीत चालतात. दंडही तेवढेच दिसतात, मग ताकद आली कुठून? आणि वजन पेलण्याचा शुगरला उपयोग होतो का? एका जिममध्ये आमच्या पोरांना थुंकीवरून डीएनए तपासून तुम्हाला कुठला व्यायाम लागू पडतो ते सांगतो म्हणून बरेच पैसे घेतले, त्यात काही तथ्य आहे का?

भुईकोट
गुरुवार, सकाळी 7:20

सुरुवातीच्या आठवड्यांतली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू एकाच वेळी जास्त तंतू कामाला लावायला शिकतो, त्यांचा मेळ बसतो, तोल सांभाळणारे स्नायू वेळेवर आवळतात. स्नायू जाड व्हायला त्यापेक्षा जास्त दिवस लागतात. वजनाचा ताण पडला की एमटॉर नावाची यंत्रणा पेशीत जास्त प्रथिनं बनवायला लावते. चालण्याने मायटोकॉन्ड्रिया वाढतात, वजनाने स्नायूचा आकार वाढतो, आणि डॉक्टरांनी वर लिहिलेला आपला बांधा पाहता आपल्याला दोन्ही हवंय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. दुसरा भाग आपल्याकडे लोक ऐकूनच घेत नाहीत, बायका तर नाहीच.

डीएनएचं असं आहे. व्यायामाचा प्रतिसाद माणसागणिक खूप बदलतो. क्लॉड बुशार यांच्या हेरिटेज अभ्यासात शेकडो लोकांनी वीस आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम केला. काहींची क्षमता जवळजवळ तेवढीच राहिली, काहींची मिनिटाला लिटरभर ऑक्सिजनने वाढली, आणि एकाच कुटुंबातली माणसं एकमेकांच्या जवळपास होती. तेव्हा जनुकांचा वाटा आहे. पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे, आणि थुंकीतली मोजकी जनुकं बघून तुम्ही पळा, तुम्ही वजन उचला, असं सांगण्याइतकं ज्ञान आज कुणाकडेच नाही. त्या पैशात पोरांना अंडी दूध मिळालं असतं.

बाराबंदी, तुमचा सराव वाचून मला एक गोष्ट फार वाटायला लागलीय. ठरलेल्या काळात, ठरलेलं वजन, एकाच गावातली, एकसारखं खाणारी तरुण मुलं. सरावाआधी आणि यात्रेनंतर त्यांचं उपाशीपोटीचं ग्लुकोज, इन्सुलिन, चरबीचं प्रमाण आणि पकडीची ताकद एवढं जरी मोजलं तरी एका विद्यार्थ्याचा उत्तम प्रबंध होईल. त्यासाठी मांडीत सुई टोचायची गरज नाही. नैतिक समितीची परवानगी, मुलांची लेखी संमती आणि मानकऱ्यांचा होकार मात्र आधी हवा. व्यायामाच्या या संशोधनातले किती थोडे आकडे आपल्या माणसांचे आहेत! जे नियम इथे आपण लावतो ते बहुतेक दुसऱ्या बांध्याच्या माणसांवरून आलेले असतात.

बाराबंदी
गुरुवार, सकाळी 8:00

मी सरावाच्या मास्तरांशी बोलतो. पोरं तयार होतील.

पूर्वभागकर
गुरुवार, दुपारी 12:30

आई आता मधेमधे उठतेय. शेजारच्या दोघी पण तिच्याबरोबर उठतात. ताई, घरी ग्लुकोमीटर आहे. जेवून चालल्याने तिला फरक पडतो का ते बघायचंय. कसं मोजू तेवढं नीट सांगा की.

भुईकोट
गुरुवार, रात्री 8:50

एकच जेवण ठरवा, समजा रात्रीचं: दोन भाकरी, भाजी, शेंगाची चटणी, जे नेहमीचं असेल ते, दोन्ही दिवशी सारखंच आणि त्याच वेळेला. जेवायला बसण्याआधी एकदा मोजा. एका दिवशी जेवून नेहमीसारखं बसू द्या, दुसऱ्या दिवशी पहिल्या घासापासून अर्ध्या तासाच्या आत चालायला काढा, दहा पंधरा मिनिटं. दोन्ही दिवशी पहिल्या घासापासून एक तासाने आणि दोन तासांनी मोजा.

हात साबणाने धुऊन कोरडे करूनच टोचायचं. बोटाला फळाचा नाहीतर गुळाचा अंश असेल तर आकडा खोटा वाढतो. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. आईंना बोटांनीच काम करायचं असतं, दुखायला नको. पट्ट्यांच्या डबीवरची मुदत बघा आणि झाकण लगेच लावा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात डबी खिडकीत ठेवू नका. या यंत्राचा आकडा 15 टक्क्यांपर्यंत इकडे तिकडे होऊ शकतो, तेव्हा पाच दहाच्या फरकावर जाऊ नका. तीच जोडी आणखी एक दोनदा करून बघा. गोळी चालू केली किंवा बदलली असेल तर आठवडाभर थांबून मग मोजा. आकडे इथेच लिहिलेत तरी चालेल. नाव नको, वय आणि गोळी चालू आहे की नाही एवढं पुरे.